कोणाले चालते?

नाखले सर पेशंटला आधी तोंड उघडायला कधीच सांगत नसत. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवत आणि विचारत, "सकाळी काय खाल्लं जी?"

आम्ही तिसऱ्या वर्षाची मुलं नवे कोरे कोट घालून भोवती उभी असू. आम्हाला किडलेली दाढ पाहायची घाई. सर मात्र न्याहारीवर अडून बसत. कुणी सांगे पोहे, कुणी सांगे रात्रीची भाकर दुधात कुस्करून. एकदा आर्वीकडचे एक गृहस्थ ओशाळून म्हणाले, "पोळी. चहात बुडवून." सर लगेच आमच्याकडे वळले.

"ऐकलं का? या माणसाच्या घरी पोळी ताजी होते, ताटात गरम पडते, अन् हा ती चहात बुडवतो. काऊन? आता पाहा तोंड."

तोंडात दोन्ही बाजूंच्या दाढा हिरडीजवळ पोखरलेल्या होत्या.

"दुखते का म्हणून विचारलं असतं, तर नाई म्हणाला असता," सर म्हणाले. "आपली माणसं दुखणं सांगत नाईत. जेवण बदलवून घेतात."

सर मूळचे रोहण्याचे. घरी शेती, भाऊ अजूनही तिथेच. फळ्यासमोर ते अगदी पुस्तकी मराठी बोलत, अधूनमधून इंग्रजी. पण पेशंटशी बोलताना आणि आमच्यावर चिडताना त्यांची भाषा थेट रोहण्याला जाऊन पोचे. उंच, किडकिडीत माणूस. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आणि हात असे की पाहत राहावं. त्यांनी भरलेली दाढ जिभेला सापडत नाही, असं पेशंट म्हणत. सरांना ही तारीफ फार आवडायची. "दात भरला की पेशंटनं तो विसरला पाहिजे," ते म्हणत. "लक्षात राहिला तर समजा, तुमचं काम बिघडलं."

त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो शब्द म्हणजे 'चालतं'. आमच्या वर्गातल्या एका मुलाला हे माहीत नव्हतं. ऐंशीच्या घरातले एक आजोबा आले होते. तोंडात दोनच दाढा उरलेल्या, समोरासमोर, त्यातली एक किडलेली. मुलगा म्हणाला, "काढून टाकू सर. या वयात चालतं."

"चालते? कोणाले चालते?"

मुलगा सरांच्याच तोंडाकडे पाहायला लागला.

"मले विचारू नको. त्याईले विचार."

मुलानं विचारलं. आजोबा घाबरून दोन्ही हात तोंडावर ठेवत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याच दोन दाढांवर मी हुरडा खातो जी."

सरांनी त्या दुपारी स्वतः ती दाढ भरली. आजोबांना कंबरेमुळे खुर्चीत आडवं होता येईना. सरांनी त्यांना ताठ बसवलं आणि आपण फरशीवर गुडघे टेकले. तसंच गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, त्यांनी काम पुरं केलं. उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

पुढे शिकून मी त्याच विभागात शिकवायला लागले. सर विभागप्रमुख. मला ते तेव्हाही 'गावंडे' अशीच हाक मारत, आणि माझ्या शिकवण्याच्या तासाला कधीकधी मागच्या बाकावर येऊन बसत. असेच ते एका तासाला बसले होते, आणि त्या तासाला आमचं बिनसलं.

मी मुलांना काळ्या औषधाबद्दल सांगत होते. त्याचं नाव लांबलचक आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. मुलं त्याला काळं औषधच म्हणत. किडलेल्या जागी कुंचल्यानं थेंबभर लावायचं. सुई नाही, कोरणं नाही, मशीनची घरघर नाही. बहुतेकदा कीड तिथेच थांबते आणि मऊ झालेला दात पुन्हा टणक होतो. काही महिन्यांनी परत लावावं लागतं. खोट एकच, किडलेली जागा कायमची काळी पडते. म्हातारपणी हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडून किडतात. ज्यांना खुर्चीत नीट बसता येत नाही, तोंड फार वेळ उघडं ठेवता येत नाही, अशा माणसांसाठी हे औषध मला फार मोलाचं वाटत होतं. ते आपल्या गावोगावच्या शिबिरांत न्यावं, अशी माझी इच्छा होती. म्हणून मी वर्गाला विचारलं, तुमचं मत काय?

मुलं मोकळेपणानं बोलली. सुमेध नावाचा हुशार, बोलका मुलगा उठला. "मस्तच आहे मॅडम. दोन मिनिटांचं काम. एका शिबिरात अख्खं गाव होईल. आणि काळं झालं तर झालं, म्हाताऱ्या माणसांना चालतं. या वयात त्यांच्याकडे पाहतं कोण?" वर्ग हसला. दुसरा म्हणाला, आपण दात भरायला शिकतो की रंगवायला? पायल नावाची मुलगी उभी राहिली. ती आर्वीची, माझ्याच गावची. "माझ्या आजीला मी हे लावणार नाही मॅडम. काळे दात घेऊन ती भजनाला जाणार नाही. घरातच बसेल."

मग मागच्या बाकावरून सर उठले.

"लवकर होते, सोपं आहे, म्हाताऱ्याले चालते. ही तुमची कारणं. ज्याच्या तोंडात लावून राह्यले, त्या माणसाले काय पाहिजे, हे एकीले सोडून कोणी बोललं का?" मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "मी प्रमुख असेपर्यंत हे शिबिरात जाणार नाही. ज्याला दात भरता येत नाही, त्यानं भरायची गरज नाही असं म्हणू नये."

वर्गासमोर बोलल्यामुळे मला लागलं. तास संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ज्यांना खुर्चीत बसवताच येत नाही, त्यांचं काय?"

"मी बसवतो त्याईले."

"सगळीकडे तुम्ही नसता सर."

 सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले. त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि अंगठा तर्जनीवर सारखा घासला जात होता, जणू ते चिमटीत काहीतरी वळत होते. राग आवरत असतील, असं मला वाटलं.

तो राग नव्हता. कंपवात होता. काही महिन्यांतच सरांनी मुदतीच्या आधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली हत्यारं स्वतः उकळून पुसली आणि एकेक करून आम्हा सगळ्यांच्या हातात दिली. त्यासाठी त्यांना फार वेळ लागला, आणि मदत करायला कुणी पुढे झालं नाही, कारण ती त्यांना चालली नसती.

मी अधूनमधून पिपरी मेघेला त्यांच्या घरी जायची. सर अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. बोलणं हळू झालं होतं, चेहरा हळूहळू हलेनासा झाला होता. तो या रोगाचाच एक भाग. आत माणूस तोच असतो, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. दातांचा विषय मी काढत नसे. तेही काढत नसत.

मग एका सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, एक विचारू का? सर आजकाल पोळी चहात बुडवून खातात. विचारलं तर म्हणतात, आवडते."

मी संध्याकाळी सरांना क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं. ते आले, पण माझ्याशी न बोलता खुर्चीत बसले. मी तोंड पाहिलं. कंपवाताच्या औषधांनी तोंड कोरडं पडलेलं, थरथरत्या हातानं ब्रश धड होत नसलेला. उघड्या पडलेल्या मुळांवर जागोजागी कीड. वरच्या बाजूला पुढचा एक दातही किडलेला.

"भर," सर म्हणाले. "मी तोंड उघडं ठेवतो."

मी मशीन हातात घेतलं. त्यांची हनुवटी थरथरत होती, ती थांबवायचा ते जितका प्रयत्न करत तितकी ती जास्त हले. दोनदा पाणी घशात जाऊन जोराचा ठसका लागला. तिसऱ्या वेळी मशीन दातावर टेकायच्या आत त्यांनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ठसक्याचं असावं, असं मी मनाला सांगितलं.

"तू बरोबर करून राह्यली," ते म्हणाले. "हे होत नाई. मीच होऊ देत नाई."

मी मशीन ठेवून स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "सर, काळं औषध लावू या का?"

त्यांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात रोवले. मला वाटलं, आता ते उठून जातील.

"उद्या पोरं पाठव घरी," ते म्हणाले. "त्याच बॅचची. त्या दिवशी बोलली होती ती. पेशंटशी कसं बोलतात, ते मले ऐकू दे."

ती बॅच आता इंटर्नशिपला आली होती. मी सुमेधला आणि पायलला घेऊन गेले. दोघंही भेदरलेले. काकूंनी चहा ठेवला. सर अंगणात खुर्चीवर ताठ बसून होते.

"हं. मी पेशंट. नाखले सर कोण ते मले मालूम नाई. बोला."

सुमेधनं सुरुवात केली. "काका, हे औषध अगदी सोपं आहे. दुखत नाही. आणि तुमच्या वयात..." तो मध्येच थांबला. स्वतःचंच बोलणं त्याला ऐकू आलं असावं. त्यानं मान खाली घातली. "सॉरी सर. तुमच्या वयाचं काही नाही. पायल, तू सांग."

पायलनं स्टूल जवळ घेतलं. तिनं पिशवीतून हातआरसा काढला आणि सरांना त्यांचे दात दाखवायला लागली. सरांना आरसा नीट धरता येईना, तसा तिनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवून तो स्थिर केला.

"काका, या मागच्या जागा. इथे औषध लावलं की काळं होईल, पण बोलताना कुणाला दिसणार नाही. हा पुढचा दात दिसेल. पुढच्यावर आपण काळं न लावता पांढरं भरू शकतो. मशीन न लावता, हातानं कीड काढून. वेळ लागेल. एका दिवशी झालं नाही तर थोडं थोडं करू. सगळी कीड नक्की थांबेल, अशी हमी मी देत नाही. पुष्कळदा थांबते. आणि तुम्ही नको म्हणालात तरी मी पुढच्या आठवड्यात येईन. काय खाता ते बघायला."

सरांनी आरसा मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी तू म्हटलं होतं, आजीले लावणार नाई. मग मले काऊन लावते?"

"मी आजीला विचारलं नव्हतं सर," पायल म्हणाली. "तिच्या वतीनं मीच बोलले होते. घरी जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, मागच्या दातांना लाव, मले जेवू तर दे."

काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. सर म्हणाले, "लाव."

तिथेच अंगणात, उन्हाकडे तोंड करून, पायलनं औषध लावलं. हिरड्यांना आधी व्हॅसलीन, मग कापसानं लाळ टिपून, एकेक जागा. सुमेध मागे उभा राहून सरांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून होता. किती हळुवारपणे धरलं होतं, ते मला अजून दिसतं. डोकं थरथरलं की तो त्याच्याबरोबर आपले हातही हलू द्यायचा, थरथर अडवायचा नाही. पायल थांबायची. मग पुन्हा सुरू. थेंबभर औषध सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं आणि डाग उठला. काकू म्हणाल्या, "राहू द्या, त्या सदऱ्याला काही होत नाही." पुढचा दात पायलनं नंतर तीन-चार खेपांत, हातानं कोरून भरला. झाल्यावर सरांनी जीभ फिरवली, बराच वेळ फिरवत राहिले.

"सापडते," ते म्हणाले. "पण बरं आहे."

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. पोळी चहाबाहेर आली होती. गरम पाणी, गार पाणी काहीच झोंबत नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमचं शिबिर रोहण्याला होतं. आता विभागाच्या परवानगीनं काळं औषधही सोबत होतं. सर म्हणाले, मी येतो. काकू नको नको म्हणत होत्या, पण सर कपडे करून फाटकात येऊन उभे राहिले. शाळेच्या व्हरांड्यात त्यांना खुर्ची दिली. गावातली म्हातारी माणसं आली, पण औषधानं दात काळे होतात म्हटल्यावर सगळी भिंतीला टेकून बसली, पुढे कुणी येईना. तेव्हा कौसल्याबाई नावाच्या एक वयस्क बाई काठी टेकत सरांसमोर आल्या. सरांच्या जुन्या घराच्या गल्लीतल्या.

"काऊन रे मधू, तुह्ये दात काळे झाले म्हणतात. दाखव."

माझे प्राध्यापक, एके काळचे विभागप्रमुख, ज्यांच्यासमोर आमची बोबडी वळायची, त्यांनी निमूट तोंड उघडलं. कौसल्याबाईंनी बोटानं गाल ओढून आतवर पाहिलं.

"अन् दुखते?"

"आता नाई. भाकर खातो."

"मंग माह्या मागच्या दाताईले लावा," त्या पायलला म्हणाल्या. "पण पुढच्याले नाई हां पोरी. माह्या नातवाचं लगन आहे."

"पुढच्याला लग्नानंतर लावायचं का आजी?" सुमेधनं विचारलं.

"लगन तर होऊ दे. मंग पाहू."

भिंतीला टेकलेली माणसं हसली आणि एकेक करून उठायला लागली. सुमेध प्रत्येकाजवळ बसून विचारत होता, कुठले दात दिसले तर चालतील, कुठले नाही. एक आजोबा म्हणाले, मले सगळेच चालतात. एक म्हणाले, मले एकही नाई, भरून द्या. सुमेधनं त्यांना भरून दिलं. आजोबांना आडवं होता येत नव्हतं, म्हणून तो व्हरांड्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. सर आपल्या खुर्चीतून पाहत होते. परतताना गाडीत ते मला म्हणाले, "गावंडे, मी त्या दिवशी औषधावर रागावलो होतो. औषधाचा काही गुन्हा नव्हता." एवढंच. मग झोपी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात सर आणि काकू पुण्याला लेकीकडे गेले. आजार वाढला होता, एकट्या काकूंना उचलणं-बसवणं झेपत नव्हतं. निघायच्या सकाळी पायल दात तपासायला आली. काळे झालेले दात तिनं बारीक टोकदार सळईनं टोचून पाहिले. टणक होते. नवी कीड नव्हती. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथे थरथरत राहिला, आणि तिनं डोकं हलवलं नाही. घराला कुलूप लागलं, गाडी पिपरी मेघेच्या वळणावरून निघून गेली, आणि आम्ही तिघं रस्त्यात तशीच उभी होतो. सुमेध म्हणाला, "मॅडम, चहा घेऊ." आम्ही घेतला.

पायल आता आर्वीला एसटी स्टँडजवळ स्वतःचा दवाखाना चालवते. परवा मी तिच्याकडे गेले होते, आणि तिथूनच आम्ही पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. सरांचा आवाज आता फारच बारीक झालाय. ते काकूंच्या कानाशी बोलतात आणि काकू आम्हाला सांगतात.

"विचारताहेत, त्या कौसल्याबाईंच्या नातवाचं लग्न झालं का?"

"झालं ना काकू, मागच्याच वर्षी," पायल म्हणाली. "आजी काल आल्या होत्या दवाखान्यात."

"मग पुढच्या दाताला औषध लावलं का, म्हणताहेत."

"नाही हो. मी विचारलं, आजी, लग्न तर झालं, आता लावायचं का? तर म्हणाल्या, काऊन घाई करते वं, आता बारसं आहे."

सरांचा चेहरा तसाच राहिला, स्थिर. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ती थरथर आमच्या ओळखीची नव्हती. काकू त्यांच्याकडे वळल्या. फोन त्यांच्या हातातून तिरपा झाला. आम्हाला पुण्याच्या घराचं छत तेवढं दिसत होतं आणि काकूंचा आवाज ऐकू येत होता. त्या लेकीला हाका मारत होत्या, "अगं लवकर ये इकडे, तुझे बाबा हसताहेत बघ."